पुठ्ठ्याचे सैनिक

रमजान ईदच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. कॉलेजात शिकतो, सिनेमाचा विलक्षण नाद. लॅपटॉपमध्ये त्याने देशोदेशीचे युद्धपट जमवून ठेवलेले. "मामू, हे बघाच तुम्ही. इतकं रिअल तुम्ही कधी पाहिलं नसेल," असे म्हणत त्याने इशाच्या नमाजनंतर रोज एखाददुसरा चित्रपट मला दाखवायला सुरुवात केली. काही मी पूर्वी पाहिलेले होते, काही प्रथमच पाहत होतो. चित्रपट संपला की आमचा वाद सुरू व्हायचा आणि तो बहुधा मध्यरात्रीपर्यंत चालायचा. बहीण दोनदा उठून रागावूनही गेली.

भाच्याचा खरेपणाचा हिशेब साधा होता. गोळी लागल्यावर माणूस कसा पडतो, गणवेशाचे बटण त्या काळातले आहे की नाही, रणगाडा खरा की संगणकावर काढलेला, स्फोटाचा आवाज छातीत घुमतो की नाही. हे सारे जमले की चित्रपट 'रिअल'. हा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तरीही काहीतरी राहून जाते असे मला पहिल्या रात्रीपासून वाटत होते, पण नेमके काय ते सांगता येत नव्हते. चार रात्रींनंतर ते थोडेफार सांगता येऊ लागले, म्हणून हा लेख.

सुरुवात अर्थातच स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'पासून (१९९८) झाली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकन सैनिक उतरले, त्या प्रसंगाची ती वीस-पंचवीस मिनिटे. कॅमेरा सैनिकाच्या हातात दिल्यासारखा हलतो, भिंगावर पाणी आणि रक्त उडते, स्फोटानंतर कानाला दडे बसावेत तसा आवाज मंदावतो. एक सैनिक आपला तुटलेला हात शोधतो आणि उचलून घेऊन चालू लागतो. छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी भिंगांवरचा संरक्षक लेप काढून टाकला होता, त्यामुळे चित्राचे रंग उडालेले, जुन्या वार्तापटासारखे दिसतात. नटांना एका माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या हाताखाली चिखलात राबवले गेले. किनारा आयर्लंडमधला, आणि गर्दीत आयर्लंडच्या राखीव दलाचे जवान. युद्ध म्हणजे शौर्याची मिरवणूक नव्हे, तो खाटीकखाना आहे, हे या पंचवीस मिनिटांनी जगभरच्या प्रेक्षकाला सांगितले. त्यानंतरच्या अनेक युद्धपटांवर त्याची छाप आहे. हे श्रेय नि:संशय स्पीलबर्ग यांचे.

पण त्याच प्रसंगाच्या अखेरीस एक गोष्ट घडते. दोन शत्रुसैनिक हात वर करून काहीतरी बोलत पुढे येतात. अमेरिकन सैनिक त्यांना गोळ्या घालतात आणि त्यांची टिंगल करतात. पडद्यावर त्यांच्या बोलण्याचा अनुवाद येत नाही. ते दोघे बोलतात ती भाषा जर्मन नाही, चेक आहे. नाझींनी गिळलेल्या देशांतून जबरदस्तीने भरती केलेली ती माणसे आहेत आणि 'आम्ही जर्मन नाही' असे ती सांगत असतात. म्हणजे दिग्दर्शकाला सत्य ठाऊक आहे, त्याने ते चित्रपटात ठेवलेही आहे, पण अशा कप्प्यात की शंभरातल्या नव्याण्णव प्रेक्षकांच्या हाती ते लागू नये. भाच्याने हा चित्रपट सात-आठ वेळा पाहिला होता. त्याला हे ठाऊक नव्हते. मलाही कालपरवापर्यंत नव्हते, कुठेतरी वाचले तेव्हा कळले.

पुढे कथेत एक जर्मन कैदी येतो. गयावया करतो, त्याला सोडून दिले जाते, आणि शेवटी तोच परत येऊन कॅप्टनला गोळी घालतो. रक्तामांसाच्या बाबतीत इतका प्रामाणिक असलेला चित्रपट शत्रूच्या बाबतीत मात्र जुन्याच वाटेने जातो: दया केलीत तर पस्तावाल. डोळ्यांना दिसणारा खरेपणा आणि कथेतला खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्या रात्री जाणवले ते असे.

दुसऱ्या रात्री ख्रिस्तोफर नोलन यांचा 'डंकर्क' (२०१७). हा चित्रपट मला फार आवडला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून गैरसमज व्हायचा. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याला फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कोंडले. २६ मे ते ४ जून या दिवसांत लहानमोठ्या बोटींतून तीन लाख अडतीस हजारांहून अधिक सैनिक इंग्लंडला नेले गेले. नोलन ही हकिकत तीन पदरांनी सांगतात: धक्क्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास. संवाद थोडे, रक्त त्याहून थोडे. फक्त वाट पाहणे. रांगेत उभे राहून बोटीची वाट पाहणारी माणसे, आणि वरून विमानाचा आवाज आला की एकाच वेळी खाली वाकणारी डोकी. युद्धातला फार मोठा वेळ वाट पाहण्यात जातो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा युद्धपट विरळाच.

नोलन यांना संगणकावरची करामत आवडत नाही. म्हणून त्यांनी खऱ्या डंकर्कच्या किनाऱ्यावर चित्रीकरण केले. १९४० साली ज्या छोट्या नावा प्रत्यक्ष गेल्या होत्या, त्यांतल्या काही हुडकून पाण्यात उतरवल्या. जुनी स्पिटफायर विमाने उडवली. आणि दूरवरची गर्दी दिसावी म्हणून किनाऱ्यावर पुठ्ठ्याचे सैनिक आणि पुठ्ठ्याच्या मोटारी उभ्या केल्या. भाचा हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटले, "त्या किनाऱ्यावर पुठ्ठ्याच्या माणसांना जागा मिळाली. खेचरवाल्यांना का मिळाली नाही?"

त्याला काही कळेना. मग मी सांगितले ते असे.

१९३९ साली ब्रिटिश सैन्य पूर्णपणे मोटारींवर आले होते. सामान वाहणारी जनावरे त्यांच्याकडे उरली नव्हती. फ्रान्सच्या हिवाळ्यातल्या चिखलात आणि बर्फात मोटारी अडतात म्हणून त्यांनी हिंदुस्थानकडे खेचरे मागितली. त्याच डिसेंबरात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार तुकड्या जहाजाने मार्सेयला पोचल्या. त्या निघाल्या होत्या आपल्या मुंबई बंदरातून. ही माणसे बहुसंख्येने पंजाबी मुसलमान होती. त्यांतल्या तीन तुकड्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला गेल्या, चौथी जर्मनांच्या हाती सापडली आणि तिच्यातली माणसे युद्धकैदी झाली. खेचरे फ्रान्समध्येच सोडून द्यावी लागली. वाचलेली माणसे पुढची काही वर्षे ब्रिटनमध्येच राहिली, आणि तिथे मरण पावलेल्यांतल्या काहींच्या कबरी स्कॉटलंडमधल्या किंगुसी या गावात आहेत. ग़ी बोमन या इंग्रज इतिहासकाराने २०२० मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणजे ही दंतकथा नाही, कागदोपत्री इतिहास आहे.

आणि केवळ खेचरवालेच नव्हेत. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांत दर चारांमागे साधारण एक हिंदुस्थानी होता. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर काम करणाऱ्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा. 'क्लॅन मॅकॅलिस्टर' नावाचे जहाज २९ मे १९४० रोजी डंकर्कसमोर बाँबहल्ल्यात सापडले. हिंदुस्थानी खलाशी त्या जहाजावरही होते. पाणी उथळ असल्याने ते बुडूनही तरंगतेच आहे असे दिसत राहिले आणि जर्मन वैमानिक त्यावर पुढेही बाँब टाकत राहिले, अशी त्याची हकिकत आहे. चित्रपटासाठी याहून चांगला प्रसंग कोणता हवा?

पण 'डंकर्क'च्या किनाऱ्यावर किंवा बोटीवर एकही हिंदुस्थानी चेहरा नाही. २०१७ साली चित्रपट आला तेव्हा इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतही यावर लिहिले गेले होते. भाच्याचे म्हणणे पडले, "मामू, साडेतीन लाखांत हे थोडेसे. दिग्दर्शकाने काय जनगणना करायची?" प्रश्न रास्त आहे. दिग्दर्शकाने जनगणना करावी अशी माझी मागणी नाही. नोलन यांनी कुणाचीच पूर्वकथा सांगितली नाही, जर्मनांचे चेहरेही दाखवले नाहीत, हा त्यांच्या मांडणीचा भाग आहे हे मला मान्य आहे. पण ज्या चित्रपटाने नाव खरी हवी, विमान खरे हवे, वाळूसुद्धा त्याच किनाऱ्यावरची हवी असा हट्ट धरला, त्याला माणसांबद्दल तोच हट्ट का धरावासा वाटला नाही, एवढेच विचारायचे आहे. फेटा बांधलेला एक माणूस खेचराचा लगाम सोडून रांगेत उभा आहे, इतकी एक चौकट पुरली असती.

आणि अशी चौकट नसण्याचे परिणाम होतात. सॅम मेंडेस यांच्या '१९१७' (२०१९) या पहिल्या महायुद्धावरच्या चित्रपटात ब्रिटिश सैनिकांच्या ट्रकमध्ये एक शीख शिपाई दिसतो. जानेवारी २०२० मध्ये एका ब्रिटिश नटाने यावर आक्षेप घेतला. हे ओढूनताणून आणलेले आहे, असा त्याचा सूर होता. पुढे त्याने शीख समाजाची माफीही मागितली. आता १९१७ साली हिंदुस्थानी पायदळ फ्रान्समधून बहुतांशी हलवले गेले होते, घोडदळ तेवढे राहिले होते. तेव्हा ब्रिटिश तुकडीत एकटा शीख कसा, अशी शंका अभ्यासकाने काढली असती तर ती समजण्यासारखी होती. पण त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला हिंदुस्थानी शिपाई खुदादाद खान १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्येच लढला होता. हे त्या नटाच्या डोळ्यांना कधी दिसलेच नव्हते, कारण शंभर वर्षे त्याने पाहिलेल्या चित्रपटांत ते नव्हते. खरे काय हे सिनेमा नुसते दाखवत नाही, खरे काय वाटावे हेही तो शिकवतो. एकदा वगळलेला माणूस पुढे दिसला की तोच खोटा वाटू लागतो.

तिसऱ्या दिवशी भाच्याने जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' (१९९७) लावला. "आपलाही एक होऊ दे," म्हणाला. हा चित्रपट थिएटरात पाहिला तेव्हाची गर्दी, शिट्ट्या, आणि घरून आलेली पत्रे वाचणाऱ्या जवानांच्या गाण्यावर डोळे पुसणारी माणसे मला आजही आठवतात. राजस्थानच्या वाळवंटात डिसेंबर १९७१ मध्ये झालेली लोंगेवालाची लढाई. सुमारे एकशेवीस जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर रोखून धरले आणि सकाळी जैसलमेरहून आलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी ते रणगाडे उद्ध्वस्त केले, ही मूळ घटना. ती इतकी थरारक आहे की तिला फोडणीची गरज नव्हती.

चित्रपटात मात्र जवान एकामागून एक धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या ठाण्यावरचे दोन जवान मृत्युमुखी पडले होते. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, सुनील शेट्टी यांनी साकारलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड पडद्यावर शहीद होतात, तर खरे भैरोसिंग त्या लढाईनंतर एक्कावन्न वर्षे जगले आणि डिसेंबर २०२२ मध्ये वारले. आपल्याला पडद्यावर मारून टाकले गेले आहे, हे पाहत त्या शूर माणसाने पंचवीस वर्षे काढली. हयात असलेल्या शूरापेक्षा मेलेला शूर चित्रपटाला सोयीचा असतो. तो पेन्शनसाठी खेटे घालत नाही, पुतळ्यासारखा उभा राहतो.

मी भाच्याला म्हटले, "बघ, एका चित्रपटाने होते ते सैनिक किनाऱ्यावरून पुसले, दुसऱ्याने जिवंत सैनिकाला मारले. दोन्हीकडे रणगाडे, विमाने आणि बंदुका मात्र अस्सल."

त्यावर तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "पण मामू, त्यात कुराण वाचवायला आगीत शिरणारा जवान आहे की. आपल्याबद्दल चांगलंच दाखवलंय." आहे, तो प्रसंग आहे. त्यामागचा हेतूही भला आहे. पण नीट पाहा, त्या प्रसंगात मुसलमान हा वाचवला जाणारा आहे. आपल्या हिंदी युद्धपटांत मुसलमानाला बहुधा दोनच जागा मिळतात. एक, ज्याच्यावर उपकार होतात तो. दोन, जो छातीवर गोळी झेलून आपली निष्ठा सिद्ध करतो तो. त्याच्या तोंडी हमखास एक भाषण असते. बाकीचे जवान बायकोच्या पत्राबद्दल, बहिणीच्या लग्नाबद्दल, गावच्या शेताबद्दल बोलतात. हा एकटा देशाबद्दल बोलतो. त्याच्याही घरी पत्र लिहायचे राहिले असेल, त्याचेही बूट चावत असतील, त्यालाही कंटाळा आला असेल, हे कुणाला सुचत नाही. परीक्षेला बसलेल्या माणसाला कंटाळा यायची मुभा नसते. आणि माझ्या मते, हा गणवेशाच्या चुकलेल्या बटणाहून कितीतरी मोठा खोटेपणा आहे.

खऱ्या अब्दुल हमीद यांना भाषणाची गरज पडली नव्हती. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन रणगाडे निकामी केले आणि त्यातच ते कामी आले. चेतन आनंद यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'परमवीर चक्र' मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी त्यांची भूमिका केली होती. १९४८ च्या जुलैत काश्मीरच्या आघाडीवर पडलेले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. या दोन नावांचा उल्लेख आपण सभासंमेलनांत वारंवार करतो. करायलाच हवा. पण पुरावा म्हणून करता करता आपणही त्यांना माणूस म्हणून पाहायचे विसरलो आहोत काय, असा प्रश्न मला त्या रात्री पडला. सिनेमावाल्यांना नावे ठेवताना हा प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे.

आदली दोन्ही उदाहरणे अमेरिका-इंग्लंडची, तिसरे आपले. पण युद्धातला खरेपणा म्हणजे काय याचा सगळ्यात मोठा धडा मला इटालियन दिग्दर्शक जिल्लो पोन्तेकोर्वो यांच्या 'द बॅटल ऑफ अल्जियर्स'ने (१९६६) दिला. तो मी फिल्म सोसायटीच्या दिवसांत पाहिला होता. या वेळी भाच्याला मीच आग्रहाने दाखवला. कृष्णधवल आहे म्हणून तो आधी कुरकुरला, दहा मिनिटांनी सरसावून बसला.

फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जिरियाचा हा स्वातंत्र्यलढा. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि तीन-चार वर्षांतच त्याच गल्ल्यांमध्ये, त्याच लोकांना घेऊन हे चित्रीकरण झाले. अली ला पॉइंटची भूमिका करणारा ब्राहिम हग्गियाग हा नट नव्हता, अल्जियर्समध्येच सापडलेला एक सामान्य माणूस होता. लढ्याचे एक प्रत्यक्ष नेते सादी यासेफ यांनी निर्मितीतही भाग घेतला आणि स्वतःवर बेतलेली भूमिकाही केली. धंदेवाईक नट जवळजवळ एकच, फ्रेंच कर्नल झालेला जाँ मार्ताँ. चित्रपट इतका वार्तापटासारखा दिसतो की अमेरिकेत दाखवताना यात वार्तापटाचा एक फूटही वापरलेला नाही, असे आरंभी सांगावे लागले. म्हणजे भाच्याच्या हिशेबानेही हा उत्तीर्ण.

पण तो मोठा ठरतो तो दुसऱ्याच कारणाने. तीन अल्जिरियन स्त्रिया युरोपियन पेहराव करून फ्रेंच वस्तीत बाँब ठेवायला जातात. प्रेक्षक तोवर पूर्णपणे त्यांच्या बाजूला झालेला असतो. त्यांच्या वस्तीत फ्रेंचांनी आधी बाँब ठेवून झोपलेली माणसे मारलेली आपण पाहिलेली असतात. आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा कॅफेत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरतो. आइस्क्रीम खाणारे एक मूल दिसते. थोड्या वेळाने हे सगळे नसणार, हे त्या स्त्रीला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. दिग्दर्शक स्वतः वसाहतवादाच्या विरोधातला, लढणाऱ्यांच्या बाजूचा. तरीही तो आपल्याला त्या मुलाकडे पाहायला लावतो. दोन्हीकडच्या मृतांवर एकच सूर वाजतो. फ्रेंच सैनिक कैद्यांचे हाल करतात तेही तो लपवत नाही, आणि ते करायला सांगणारा कर्नल राक्षस नव्हे, हुशार आणि सुसंस्कृत माणूस आहे, हेही लपवत नाही.

चित्रपट संपल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, कुणाच्या बाजूनं व्हायचं तेच कळेना." मी म्हटले, "बाजू घे, जरूर घे. मी तर अल्जिरियनांचीच घेतो. पण समोरच्याचा चेहरा पाहून घे." फ्रान्समध्ये हा चित्रपट काही वर्षे दाखवू दिला नाही. २००३ साली, इराकवरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेंटागॉनमध्ये तो आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला. सत्ताधाऱ्यांनाही शिकण्यासारखे वाटावे इतका तो खरा. त्यांनी त्यातून काय घेतले ते इराकने भोगले.

शेवटच्या रात्रीचा चित्रपट माझ्या निवडीचा. रशीद बुशारेब यांचा 'आँदिझेन' (२००६). फ्रेंच भाषेतल्या या नावाचा अर्थ 'मूळचे रहिवासी', पण वसाहतीतल्या फ्रेंचाच्या तोंडी त्यात 'नेटिव्ह' या शब्दातला सगळा तुच्छभाव असे. दुसऱ्या महायुद्धात अल्जिरिया-मोरोक्कोतून हजारो मुसलमान तरुण फ्रान्सच्या सुटकेसाठी लढायला गेले. इटलीपासून आल्सासपर्यंत लढणाऱ्या अशा चौघांची ही कथा.

यात मोठे स्फोट कमी, लहान अपमान जास्त. जहाजावर जेवणात टोमॅटो आहेत, पण ते गोऱ्या सैनिकांना. काळ्यासावळ्यांना नाहीत. अब्देलकादेर नावाचा कॉर्पोरल पुढे होतो आणि ते टोमॅटो बुटाखाली चिरडतो: सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. मेसाउद एका फ्रेंच मुलीवर प्रेम करतो, तिला पत्रे लिहितो. ती पत्रे टपाल तपासणारे अडवतात. तो समजतो ती विसरली, ती समजते तो विसरला. युद्धपटात मी आजवर पाहिलेल्या शोकांतिकांत ही पत्रे मला सर्वांत जिव्हारी लागली. तुकडीचा सार्जंट या जवानांवर गुरकावतो, पण त्याची स्वतःची आई अरब आहे आणि ते तो जिवाच्या आकांताने लपवतो.

आता खरेपणाचा हिशेब पाहा. सईदची भूमिका करणाऱ्या जमेल देबूझ यांचा उजवा हात लहानपणीच्या अपघातात निकामी झालेला. त्यामुळे चित्रपटात सईदचा उजवा हात खिशात असतो. भाच्याने हे लगेच टिपले: "एका हाताचा माणूस सैन्यात कसा?" मुद्दा बिनतोड. बटणे-बंदुकांच्या परीक्षेत 'आँदिझेन' इथे नापास.

पण या चित्रपटाने काय केले पाहा. या जवानांचे देश स्वतंत्र होऊ लागल्यावर १९५९ च्या एका कायद्याने त्यांची पेन्शन गोठवली गेली होती. गोरा सोबती एक रक्कम घेई, तोच खंदक लढलेला अरब किंवा आफ्रिकी म्हातारा तिचा लहानसा तुकडा. सत्तेचाळीस वर्षे हे चालले. २००६ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी हा चित्रपट पाहिला आणि त्या सप्टेंबरात, चित्रपट प्रदर्शित होता होता, सरकारने ही लढाऊ आणि अपंगत्व पेन्शन समान करण्याचे जाहीर केले. सुमारे ऐंशी हजार वृद्ध सैनिकांचा हा प्रश्न होता. अन्याय सगळा संपला नाही. कित्येक जण तोवर अल्लाला प्यारे झाले होते. तरी खिशात हात घातलेल्या त्या खोट्या सैनिकाने खऱ्या सैनिकांच्या हातात पैसे पडायला मदत केली. तेव्हा कोणता चित्रपट अधिक खरा, हे वाचकांनीच ठरवावे.

हे सगळे मला इतके लागण्याला एक घरगुती कारण आहे. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोटीवर खलाशी होते. खाडीकाठच्या आमच्या गावातून त्या काळी घरटी एक माणूस बोटीवर असे. आजोबांची बोट पाणतीराने बुडाली आणि ते काही दिवस होडीत तरंगत राहिले, एवढे आम्हांला ठाऊक. युद्धाबद्दल ते कधी बोलत नसत. एकदाच, पावसाळ्यातल्या एका रात्री, त्यांनी सांगितले होते की सारंग डब्याच्या झाकणाने पाणी मोजून देई, आणि शेजारच्या गावचा एक पोरगा रोज संध्याकाळी विचारी, आज तुमच्या घरी काय रांधले असेल? मग प्रत्येकाने आपापल्या घरचे जेवण सांगायचे. तो पोरगा घरी आला की नाही, हे आजोबांनी सांगितले नाही. आम्ही विचारले नाही.

'डंकर्क' पाहताना माझे डोळे त्या बोटींवर हेच शोधत होते. आजोबा डंकर्कला होते असे मला म्हणायचे नाही. पण पाण्यात तेल पेटलेले, माणसे बुडत असलेली, आणि त्यांत एकही आपल्यासारखा नाही, हे पाहताना आपलेच कुणीतरी दुसऱ्यांदा बुडाल्यासारखे वाटले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे कोरलेली आहेत. दुसऱ्या युद्धात गेलेल्या हिंदुस्थानी खलाशांचा आकडा सहा हजारांच्या घरात जातो. यांतल्या कुणाला जमीन मिळाली नाही, कफनही नाही. पडद्यावर निदान एक चौकट मिळावी, ही अपेक्षा फार नाही.

निघायच्या सकाळी भाचा बॅग भरता भरता म्हणाला, "मामू, पणजोबांच्या बोटीचं नाव काय होतं? नेटवर शोधू या. कुठे बुडाली, कधी, सगळं मिळतं आता." मी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की मला ते नाव ठाऊक नाही. चार रात्री मी नोलन यांना जाब विचारत होतो, आणि ज्यांच्या मांडीवर मी खेळलो त्या माणसाच्या बोटीचे नाव मी विचारून घेतले नव्हते. अब्बांना ठाऊक असावे, पण तेही आता नाहीत. आजोबांची पेटी घराची वाटणी झाली तेव्हा कुणाकडे गेली, याची चौकशी आता सुरू केली आहे.

'आँदिझेन' आकाशातून पडला नाही. बुशारेब आणि त्यांच्या नटांची घराणी त्याच उत्तर आफ्रिकेतली. त्यांच्या समाजात ती आठवण कुणीतरी सांगितली, कुणीतरी लिहून ठेवली, मग तिचा चित्रपट झाला. आपल्याकडे मुस्लिम मराठी साहित्याने तलाक, दंगल, गरिबी, मोहल्ला यांवर जीव ओतून लिहिले. पण खाडीकाठच्या घराघरांतल्या खलाशांचे युद्ध आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारसे आलेले नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर आपली जागा मागायची तर आधी आपल्या वहीत ती असायला हवी. ज्यांच्या घरी अजून एखादी म्हातारी दादी किंवा नानी आहे, जुना जहाजी दाखला, पगाराचा कागद, परमुलखातून आलेले पत्र आहे, त्यांनी या वर्षी ते बाहेर काढावे आणि बोटीचे नाव तेवढे आधी विचारून घ्यावे.